बिल्टी, काटा आणि पोच: रॅबिटएमक्यूला एएस-टू जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईचा कारखाना आहे. ऑर्डर, डिस्पॅच, बिलं यांचे संदेश आतल्या आत रॅबिटएमक्यूमधून (संदेश रांगेत ठेवून पुढे देणारा ब्रोकर, म्हणजे मधला दलाल) फिरतात आणि भोवती जावात लिहिलेला थोडा कोड आहे. आता युरोपातल्या एका मोठ्या ग्राहकाने कळवलंय, की यापुढे ऑर्डर ईमेलने नाही, एएस-टूने (व्यापारी कागद इंटरनेटवरून सही-एन्क्रिप्शनसह पाठवून पोच घ्यायची पद्धत) येतील. डिस्पॅचची सूचना आणि इनव्हॉइसही त्याच वाटेने हवं. तर रॅबिटएमक्यू ओपन-सोर्सच आहे, त्यातच एएस-टूचा प्लगइन लिहावा का? किती दिवस लागतील? सर्टिफिकेट टाकून फाइल एन्क्रिप्ट केली की झालं ना?

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. नाही, तेवढ्याने होत नाही. एन्क्रिप्शन आणि सही हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. बाउन्सी कॅसल ही लायब्ररी घ्या, तिच्यासोबतची उदाहरणं वाचा, आणि चार दिवसांत तुम्ही सही केलेली, एन्क्रिप्ट केलेली फाइल समोरच्याच्या सर्व्हरवर पोस्ट करून दाखवाल. शेठ खूश होतील. तिथून पुढचे दोन-अडीच महिने ज्या गोष्टीत जातील, तिचं नाव पोच.

पोच म्हणजे काय हे जळगावात कोणाला शिकवायची गरज नाही. ट्रान्सपोर्टवाला माल भरतो, बिल्टी फाडतो. बिल्टी हातात आली म्हणजे माल गाडीत चढला, एवढंच. इंदूरच्या पार्टीने माल उतरवून, नग मोजून, सही-शिक्का मारून प्रत परत पाठवली की ती पोच. ट्रान्सपोर्टवाल्याचं भाडं तिच्यावर निघतं, आणि नग कमी भरले तर भांडणही तिच्यावरच होतं. एएस-टूत हेच आहे. एचटीटीपीचा २००, म्हणजे सर्व्हरचा ‘ठीक आहे’ हा आकडी निरोप, ही गेटवरच्या वॉचमनने केलेली नोंद: गाडी आत आली. पोच म्हणजे एमडीएन. त्यात समोरचा स्वतःच्या सहीनिशी लिहून देतो, की तुमचा अमुक मेसेज-आयडीचा संदेश मिळाला, उघडला, सही जुळली आणि आतल्या मालाचं वजन इतकं भरलं (हे वजन म्हणजे काय ते पुढे सांगतो). माल पसंत पडला का, ऑर्डर मंजूर आहे का, हा तिसरा मजला. त्यासाठी एडिफॅक्टमध्ये (ऑर्डर-बिलांच्या मजकुराचा ठरलेला साचा) वेगळे संदेश असतात, आणि ते पुन्हा याच वाटेने येतात-जातात. हे तीन मजले डोक्यात वेगळे ठेवलेत तर अर्धं काम झालं. मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती एएस-टू कोडमध्ये २०० आला की डेटाबेसमध्ये ‘पाठवलं’ असा शिक्का बसतो, आणि पुढच्या सगळ्या कटकटी तिथेच रुजतात.

या पद्धतीचे काही हट्ट आहेत, ते तिच्या जन्माशी जोडलेले आहेत. पूर्वी ईडीआय (कंपन्यांमधली अशा कागदांची संगणकी देवाणघेवाण) खासगी नेटवर्कवरून जायचं आणि त्याचं बिल अक्षरांच्या हिशोबाने यायचं. २००२ मध्ये वॉलमार्टने पुरवठादारांना इंटरनेटवरून एएस-टूने यायला सांगितलं आणि एका फटक्यात ही पद्धत बाजारात रुळली. पण तिचा अधिकृत कागद, आरएफसी ४१३०, निघाला जुलै २००५ मध्ये. म्हणजे लग्न आधी, पत्रिका नंतर. तोवर कच्च्या मसुद्यावरून बनलेली सॉफ्टवेअरं कामाला लागली होती, आणि मसुद्याचा प्रत्येकाने आपापला अर्थ लावला होता. त्यातला काही गाळ अजून खाली बसलेला आहे. साधं उदाहरण: हॅशचं (मजकुरावरून काढलेला ठसा) नाव कोणी ‘एसएचए२५६’ असं सलग लिहितं, कोणी मध्ये आडवी रेघ देऊन. दोन्ही स्वीकारा. पाठवताना मात्र त्या पार्टीला जे चालतं तेच पाठवा, आणि ही नोंद पार्टीच्या सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये नाही.

आता प्लगइनचं. लिहू नका. रॅबिटएमक्यूचे प्लगइन अर्लांग किंवा एलिक्झिर या भाषांत लिहावे लागतात, जावात नाही, ही लहान अडचण. मोठी अडचण अशी, की प्लगइन ब्रोकरच्याच पोटात चालतो. बाहेरच्या जगातून येणारा, कोणीही काहीही कोंबलेला डेटा तुम्ही त्या पोटात उघडणार. उद्या एखाद्या वेड्यावाकड्या फाइलने तो कोसळला, तर ऑर्डरच काय, कारखान्यातलं वजनकाट्यापासून बिलापर्यंत सगळं थांबेल. गल्ला दुकानाच्या आत असतो, ओट्यावर मांडत नाहीत. एएस-टूचा गेटवे वेगळी सर्व्हिस म्हणून काठावर ठेवा. रॅबिटएमक्यूशी त्याने साध्या क्लायंटसारखं बोलावं.

तो गेटवे कारखान्यातल्या मशिनवर नको, मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या छोट्या क्लाउड सर्व्हरवर ठेवा, स्थिर आयपीसह. समोरची पार्टी तुमचा आयपी आपल्या फायरवॉलमध्ये टाकून ठेवते, आणि साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा बाहेरून दिसणारा स्वतःचा आयपीच मिळत नाही. लाइट, उन्हाळा, बॅटरी या गोष्टीही त्यातून सुटतात. लाइटवरून आठवलं म्हणून माझीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी मी स्वतः असा गेटवे लिहिला होता. टेस्टिंगच्या वेळी समोरून तक्रार आली की तुमची पोच उशिरा येते. मी शहाणपणा केला: संदेश उघडला, सही तपासली, की आधी एमडीएन पाठवायची आणि मग रांगेत टाकायचं. पोच झटपट जाऊ लागली, सगळे खूश. मे महिना, दुपारची वेळ, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा. लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उष्णतेने फुगलेली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जनरेटर सुरू होईपर्यंतही ती टिकली नाही. मशिन बंद. पुन्हा चालू झालं, सगळं सुरळीत दिसलं, कोणी विचारही केला नाही.

तीन आठवड्यांनी ग्राहकाचा मेल: माल कुठे आहे? आमच्या ऑफिसातले सगळे ठाम, अशी ऑर्डर आलीच नाही. तिकडून उत्तरादाखल एक फाइल आली. आमचीच एमडीएन. आमच्या किल्लीने सही केलेली, आत आम्ही काढलेलं वजन, वेळ सेकंदापर्यंत. मी लॉग उघडला. ‘एमडीएन पाठवली’ अशी ओळ होती, आणि तिच्या खाली थेट मशिन बूट झाल्याची ओळ. मधली, रांगेत टाकल्याची ओळ नव्हतीच. ‘मिळालं नाही’ असं म्हणता येऊ नये म्हणूनच तर ही सगळी पद्धत आहे, आणि ती आमच्यावरच उलटली. माल विमानाने पाठवावा लागला. त्याचं भाडं किती झालं ते शेठने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. संदेश आला की हेडरसकट कच्चे बाइट्स जसेच्या तसे डिस्कवर. मग उघडणं, सही तपासणं. मग डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तीन गोष्टी: संदेशाची नोंद, तयार केलेली एमडीएन, आणि ‘रांगेत टाकायचं बाकी’ अशी एक ओळ. कमिट झालं की मगच एमडीएन बाहेर. रांगेत टाकायचं काम दुसरा छोटा वर्कर करतो. तो पब्लिशर कन्फर्म (संदेश घेतला असं ब्रोकरने उलट कळवणं) चालू ठेवून रॅबिटएमक्यूला देतो आणि कन्फर्म आला की ती ओळ पुसतो. मध्येच तो मेला तर उठल्यावर तेच पुन्हा टाकेल, म्हणून पुढच्या कन्झ्युमरला (रांगेतून संदेश उचलणाऱ्या कोडला) एकच ऑर्डर दोनदा आली तरी पचली पाहिजे. रांगेत मोठी फाइल कोंबू नका, तिचा पत्ता टाका.

दोनदा येण्यावरून. आरएफसीत स्पष्ट आहे: उत्तर मिळालं नाही तर पाठवणाऱ्याने तोच संदेश, तोच मेसेज-आयडी ठेवून पुन्हा पाठवावा, मात्र आतला मजकूर तारखेसकट अगदी तोच असेल तरच. म्हणजे तुमच्याकडे ओळखीचा मेसेज-आयडी पुन्हा आला तर ती चूक नाही, त्याला तुमची पहिली पोच पोहोचलेली नाही. ऑर्डर पुन्हा आत घेऊ नका, आणि त्याला एररही देऊ नका. साठवलेली जुनी एमडीएन तशीच परत द्या. याशिवाय एडिफॅक्टच्या वरच्या ओळीतला इंटरचेंज क्रमांकही तपासा, कारण कधीकधी तिकडचा कोणी माणूस स्क्रीनवरून हाताने ‘पुन्हा पाठवा’ दाबतो आणि मेसेज-आयडी नवा तयार होतो.

आता ते वजन. एएस-टूत त्याला एमआयसी म्हणतात: मजकुराचा हॅश. पाठवताना तुम्ही काढता, समोरचा उघडल्यावर काढून पोचेत लिहितो, दोन्ही जुळले पाहिजेत. सावदा-रावेरकडे केळीची गाडी दोन काट्यांवर चढली आणि वजनात फरक आला की पहिला प्रश्न असतो: ताडपत्री आणि दोर धरून केलं की सोडून? इथेही नेमकं तेच भांडण. संदेश सही केलेला असेल तर एमआयसी आतल्या भागाच्या माइम हेडरसकट (तो भाग कोणत्या प्रकारचा ते सांगणाऱ्या वरच्या ओळी) काढायचा. सही नाही पण एन्क्रिप्शन आहे, तर उघडल्यानंतरच्या मजकुराचा, तोही हेडरसकट. सही नाही, एन्क्रिप्शनही नाही, तर हेडर सोडून नुसत्या मजकुराचा. कॉम्प्रेशन असेल तर ज्या रूपावर सही झाली त्या रूपाचा. नवखा माणूस फाइल वाचतो, हॅश काढतो आणि म्हणतो, समोरचा चुकतोय.

यातला सर्वांत चिवट बग एकदा माझ्याच माथी आला. पाच पार्ट्यांचे संदेश नीट येत होते, सहाव्या पार्टीची सही दर वेळी फेल. सर्टिफिकेट बरोबर, किल्ली बरोबर. दोन दिवस त्यांच्याशी मेलवर वाद घातला. शेवटी कच्च्या बाइट्सची फाइल हेक्समध्ये उघडली आणि आमच्या कोडने सही तपासायला दिलेले बाइट्स शेजारी ठेवले. त्यांच्याकडे कन्टेन्ट-टाइपची ओळ ‘ॲप्लिकेशन/एडिफॅक्ट’ आणि अर्धविराम इथे तुटत होती. मग ०डी ०ए ०९, म्हणजे नवी ओळ आणि एक टॅब. मग फाइलचं नाव. आमच्या बाजूला त्याच जागी नुसता २०, म्हणजे एक स्पेस. लायब्ररीने हेडर वाचताना दोन ओळी ‘नीट’ जोडून एक केली होती. अर्थाने काही फरक नाही, पण सही अर्थावर नसते, बाइट्सवर असते. म्हणून आलेला भाग पार्स करून पुन्हा लिहिलेला कधीच तपासायला देऊ नका. आला तसाच द्या. कच्चे बाइट्स डिस्कवर ठेवायला सांगितलं ते याचसाठीही. ते नसते तर आम्ही आजही त्यांनाच दोष देत बसलो असतो.

पोच लगेच त्याच कनेक्शनवर मागायची की नंतर वेगळी, असा पर्याय असतो. लगेचची मागा. तुमच्या फाइल किलोबाइटमधल्या, उगाच गुंता कशाला. पण ग्राहक तुमच्याकडून नंतरची मागेल, तेव्हा तीही देता यायलाच हवी. पाठवण्याच्या बाजूला ‘पाठवलं, पोच बाकी’ अशी अवस्था डेटाबेसमध्ये ठेवा. पोच येईपर्यंत रॅबिटएमक्यूचा संदेश अॅक न करता (‘काम झालं’ असं त्याला न कळवता) धरून ठेवणारे लोक मी पाहिलेत. मूळ सेटिंगमध्ये ३० मिनिटांत अॅक आला नाही तर रॅबिटएमक्यू ते कनेक्शनचं चॅनल बंद करून संदेश पुन्हा रांगेत टाकतो, आणि तुमचा इनव्हॉइस दुसऱ्यांदा रवाना होतो. आणि पोच बाकी राहिलेल्यांची यादी रोज सकाळी एका माणसाच्या मेलवर गेली पाहिजे. ग्रुपवर नाही, एका माणसाला.

गेटवेच्या पुढे एनजिन्एक्स हा वेब सर्व्हर ठेवणार असाल तर तो मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपेक्षा मोठी बॉडी ४१३ (‘फार मोठी’ असा एरर) देऊन परत पाठवतो. टेस्टिंगच्या चिमुकल्या ऑर्डर जातात, सीझनची पहिली मोठी ऑर्डर अडकते.

सर्टिफिकेट दोन प्रकारची आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक एचटीटीपीएसचं, दुसरं संदेशाच्या सहीचं आणि एन्क्रिप्शनचं. दुसरं स्वतःच बनवलेलं असलं तरी चालतं, कारण विश्वास दोन पार्ट्यांनी एकमेकांना दिलेल्या फाइलवर असतो. ते बदलताना जुनी खासगी किल्ली लगेच काढू नका. समोरचा आणखी आठवडाभर जुन्यानेच पाठवत राहू शकतो, म्हणून उघडताना दोन्ही किल्ल्या चालल्या पाहिजेत. पहिल्या प्रकाराची मुदत आता झपाट्याने आखडतेय: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. त्यामुळे ‘तुमचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट मेलने पाठवा, आम्ही आमच्याकडे पक्कं बसवतो’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. नाहीतर वर्षातून आठ वेळा हाच मेल लिहावा लागेल. त्यांनी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवावा.

अल्गोरिदमबाबत एवढंच, की ३डीईएस आणि एसएचए-१ सेटिंगमध्ये दिसले तर बदलून एईएस आणि एसएचए-२५६ मागा. आणि नुसतं एन्क्रिप्ट केलेला, सही नसलेला संदेश घेऊच नका. २०१८ मध्ये ई-फेल नावाने जो प्रकार उघडकीला आला त्याने दाखवलं, की एस-माइमचं (एएस-टू ज्यावर उभं आहे ती सही-एन्क्रिप्शनची पद्धत) सीबीसी प्रकारचं एन्क्रिप्शन एकटं असेल तर न उघडताही आतला मजकूर हवा तसा वळवता येतो. किल्ली न लागलेल्या आणि सही न जुळलेल्या संदेशांना वेगवेगळी, सविस्तर कारणं अनोळखी माणसाला सांगत बसू नका. आधी एएस-टू-फ्रॉम हेडर (पाठवणाऱ्याचा आयडी) आणि आयपी ओळखीचे आहेत का बघा, मग पुढे.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग स्वतः लिहावं की नाही? तुमच्याकडे एकच पार्टी आहे, मी तरी लिहिणार नाही. ओपनएएस-टू हे जावातलं, बीएसडी लायसन्सचं सॉफ्टवेअर आहे. ते फोल्डरवर लक्ष ठेवतं: फाइल टाकली की पाठवतं, आलेली फोल्डरमध्ये ठेवतं. फोल्डर आणि रॅबिटएमक्यू यांच्यामध्ये दीडशे ओळींचा कोड, झालं. तुमचा जावाचा कोड अपॅची कॅमलवर (वेगवेगळ्या प्रणाली जोडायची जावा लायब्ररी) असेल तर २.२२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, त्यात एएस-टूचा भाग आहे. तो संदेश नेतो-आणतो. वर सांगितलेली नोंदवही, दुबार ओळखणं, पोच बाकीची यादी मात्र तुम्हालाच लिहायची आहे, आणि कॅमल निवडलं तर तुमचे दीड-दोन महिने तिथे जातील. मेंडेल्सन या एएस-टू सॉफ्टवेअरचीही ओपन-सोर्स आवृत्ती आहे, जीपीएल लायसन्सची. तुमचा गेटवे कोणताही असो, टेस्टिंगसाठी यातली दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं समोर उभी करा. स्वतःच्या कोडने पाठवून स्वतःच्याच कोडने उघडलं तर चूकही दोन्हीकडे सारखीच असते आणि सगळं जुळतं.

पुढेमागे काही दुरुस्ती एखाद्या प्रकल्पाला परत द्यावीशी वाटली तर जरूर द्या, फक्त जीपीएलवाल्याचा तुकडा उचलून अपॅची किंवा बीएसडीवाल्यात चिकटवू नका. दुरुस्तीसोबत ज्या संदेशावर घोळ झाला त्याचे बाइट्स टेस्ट म्हणून जोडा, ग्राहकाचं नाव आणि भाव काढून; अर्थात सही पुन्हा टेस्टच्या किल्लीने करावी लागेल. नुसत्या कोडपेक्षा अशी टेस्ट लवकर स्वीकारली जाते.

ग्राहक जर एएस-फोर म्हणाला तर तो वेगळा प्राणी आहे, २०१३ चं ओएसिस या संस्थेचं मानक, सोप आणि डब्ल्यूएस-सिक्युरिटी या वेगळ्याच वेब पद्धतींवर उभं. पेपोल हे ई-इनव्हॉइसचं नेटवर्क २०२० मध्ये त्यावर गेलं. ते हाताने लिहायच्या फंदात पडूच नका. युरोपियन कमिशनचं डोमिबस हे तयार सॉफ्टवेअर घ्या. आणि शेठ विचारतीलच म्हणून: जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचा या सगळ्याशी संबंध नाही. ते जेसनवालं एपीआय आहे, ते जसं चाललंय तसं चालू द्या.

पहिल्या फोनवर समोरच्याला एवढं विचारून घ्या: त्यांचा एएस-टू आयडी अक्षरशः कसा लिहितात (लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो), सही आणि एन्क्रिप्शनचे अल्गोरिदम, पोच लगेचची की नंतरची, कॉम्प्रेशन आहे का, आणि ड्रमंड सर्टिफिकेशनची अट आहे का. शेवटचं उत्तर ‘हो’ असेल तर विषय बदलतो. ती पैसे भरून, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच द्यायची परीक्षा आहे. मग त्यात आधीच पास झालेलं एखादं तयार उत्पादन विकत घ्या आणि रॅबिटएमक्यू त्याला जोडा.

आणि टेस्टिंगच्या शेवटच्या दिवशी समोरून ऑर्डर येत असतानाच गेटवेचं मशिन एकदम मारा, शटडाउन करून नाही. दहा-बारा वेळा, वेगवेगळ्या क्षणी. प्रत्येक वेळी मशिन उठल्यावर त्यांच्याकडच्या पोच आणि तुमच्याकडच्या ऑर्डर समोरासमोर ठेवून मोजा. हे करायचं ठरलं की कळवा, भुसावळहून सकाळच्या गाडीने येतो.